रस्त्यानं सांगितलं

१

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी करीन ऑस्टबी वडिलांकडे जेवायला गेली, तेव्हा रात्रभराचं वादळ ओसरलं होतं आणि ऊन इतकं लख्ख पडलं होतं की डोळे उघडवत नव्हते. ग्रेव्हल बेच्या रस्त्यांवरचा बर्फ नगरपालिकेच्या ट्रकांनी पहाटेच लोटला होता. तिची गाडी वळली आणि घराच्या गाडीवाटेत अलगद शिरली. वाटेवर घोटाभर भुसभुशीत बर्फ होता, एकही पाऊल न उमटलेला. गादीवरून चालल्यासारखी गाडी गॅरेजच्या दारापर्यंत गेली.

आर्विड ऑस्टबी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॉफी घेऊन बसले होते. समोर कागद.

"आलीस? आत येताना काही त्रास?"

"नाही. का?"

"सहज."

"सुट्टीच्या दिवशीही काम, बाबा?"

"हाच तर दिवस असतो त्याचा."

शहरातल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचा कारभार आर्विड कित्येक वर्षं बघत होते. करीन लहान असताना त्यांनी तिला तो एकदाच समजावून सांगितला होता. शहर आपल्या माणसांची आजारपणं स्वतःच्या खिशातून काढतं. पण एखादं आजारपण असं येतं की खिसाच फाटतो. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवायचं, अमुक रेषेच्या वर गेलं की भार तुझा. त्या रेषेचं नाव स्टॉप-लॉस. करार दर वर्षी पहिल्या जानेवारीला नवा होतो आणि यंदाच्या करारात एक अट होती. जे लोक आजारपणाच्या रजेवर आहेत, ते परत प्रत्यक्ष कामावर येईपर्यंत विमा कंपनी त्यांचा भार उचलणार नाही. आर्विड त्या लोकांची नावं लिहीत होते.

ते उठले, खिडकीशी गेले, रस्त्याकडे जरा वेळ बघत राहिले. मिशीतल्या मिशीत हसले. मग परत येऊन त्यांनी एका नावावर रेघ मारली.

"वेन लाहती. महिनाभर तापानं घरी होता. आला बुवा कामावर."

"कुणी सांगितलं? फोन तर वाजला नाही."

"रस्त्यानं सांगितलं."

"आता रस्त्यांशी बोलायला लागलात?"

"निवृत्तीला टेकलेल्या माणसाशी दुसरं कोण बोलणार? घे, हेरिंग माशाचा तुकडा तोंडात टाक. वर्ष बरं जातं."

"मागच्या वर्षीही खाल्ला होता."

"मग? बायपासनंतरही मी तुझ्यासमोर बसलोय ना?"

निघताना दाराशी उभे राहून ते नेहमीचंच म्हणाले, "हरणं बघून जा."

सरोवराकाठच्या त्या मुलखात संध्याकाळी हरणं रस्त्यावर उतरतात, हे खरंच. पण तिकडचे बाप 'तुझ्यावर जीव आहे' असं म्हणत नाहीत, त्याऐवजी हे म्हणतात. करीनचं सगळं आयुष्य पुस्तकांत गेलं होतं. प्रेम बोलून दाखवायच्या नाना तऱ्हा तिने वाचल्या होत्या. स्वतःच्या वाट्याला आलेल्या या तऱ्हेला तिचं उत्तर मात्र कायम एकच.

"बघते," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

रात्री पुन्हा बर्फ पडला. सकाळी शेजारच्या मिसेस पेल्टोंचा फोन आला. करीन तासाभराचा रस्ता तोडत आली. घराशी वळताना गाडीची पुढची चाकं कसल्याशा टणक ढिगावर धाडकन आदळली आणि गाडी तिरकी अडकली. ती तशीच टाकून करीन धावली. वाटेच्या तोंडाशी बर्फात फावडं उभं होतं. बर्फ उपसता उपसता कोसळलेल्या बाबांना तोवर नेलेलं होतं.

२

मार्चमध्ये नगरपालिकेतून निरोप आला. अर्थखात्याचे प्रमुख फिलिप हॅसलर यांना तिला भेटायचं होतं.

हॅसलर नीटनेटका माणूस. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, दुःख व्यक्त केलं आणि मग दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"मिस ऑस्टबी, वेन लाहती तुम्हाला माहीत आहे?"

"बाबांबरोबर मासे धरायला जायचा. आमचा बर्फाचा ट्रक चालवतो."

"तुमच्या वडिलांच्या मृत्यूच्या दिवशीच तो रुग्णालयात गेला. रक्ताचा कर्करोग निघाला. अस्थिमज्जा बदलली, मग फुफ्फुसात संसर्ग झाला. खर्च रेषेच्या कितीतरी वर गेलाय. विमा कंपनी म्हणते, आम्ही देणार नाही. पहिल्या जानेवारीला हा माणूस कामावर नव्हताच."

"बाबांनी लिहिलंय की होता."

"तोच तर प्रश्न आहे." त्याने दुसरा कागद पुढे सरकवला. "हे ट्रकच्या पाळीचं पत्रक. त्या दिवशी तुमच्या वडिलांच्या भागात ट्रक चालवला ट्रॅव्हिस बुशे यानं. लाहतीची परत रुजू झाल्याची नोंद कुठेही नाही. तुमच्या वडिलांच्या दोन्ही फोनांवर त्या दिवशी कुणाचा फोन नाही, निरोप नाही. मग त्यांना कळलं कुठून?"

करीनने पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं.

"जुना मित्र आजारी आहे, रजेवरच्यांच्या यादीत सापडला तर शहराचं कंबरडं मोडेल. चांगल्या माणसाच्या हातूनही असं होतं," हॅसलर हळू आवाजात म्हणाला. "मी त्यांना दोष देत नाही. पण गुरुवारच्या सभेत मला निवेदन द्यावं लागेल."

"निवेदनात काय असेल?"

"की आर्विड ऑस्टबी यांनी जाणूनबुजून खोटी माहिती दिली."

"ही अट करारात कुणी मान्य केली, मिस्टर हॅसलर? बाबा जेवताना कुरकुरत होते तिच्याबद्दल."

हॅसलरने चष्मा काढून पुसला. "मी. त्यामुळे विम्याचा हप्ता कमी बसत होता. त्यांचा विरोध होता, हे खरं आहे."

म्हणजे खोटं बोलणारा मेलेला माणूस नसेल, तर चूक जिवंत माणसाच्या गळ्यात येत होती. करीनने ते मनाशी नोंदवलं, पण त्यावर विश्वास टाकला नाही. हॅसलरचा चेहरा कट करणाऱ्याचा नव्हता. उलट सोपं उत्तर सापडल्यामुळे हायसं वाटलेल्या माणसाचा होता.

"घरात काही सापडलं तर बघा," तो तिला दारापर्यंत सोडताना म्हणाला. "एखादी चिठ्ठी वगैरे. कुणीतरी त्यांना सांगितलं असेल तर ते 'कुणीतरी' मला हवंय."

कुणीतरी सांगितलं होतं. पण 'माझ्या वडिलांना रस्त्यानं सांगितलं' हे ती सभेत कोणत्या तोंडाने म्हणणार होती?

३

करीनचा धंदा वेगळा होता. जाड पुस्तकांच्या शेवटी जी शब्दसूची असते, ती करीन तयार करायची. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, एवढंच त्यात बघायचं नसतं. कुठे असायला हवा होता आणि नाही, हेही कळावं लागतं. त्याच सवयीने तिने पाळीचं पत्रक मनात पुन्हा वाचलं आणि सरळ ट्रकांच्या गॅरेजवर गेली.

डोरीन नीमी काचेमागे बसली होती. पाळ्या लावणं, किल्ल्या देणं, लोकांच्या तक्रारी ऐकणं, सगळं तिच्याकडे.

"ये पोरी. तुझ्या वडिलांइतकीच वाळकी झालीस. खातेस का काही?"

"खाते. डोरीन, पहिल्या जानेवारीला इथे कोण होतं?"

"मी नव्हते. मी घरी, डोक्यावर ओला टॉवेल टाकून. आदल्या रात्री मेहुण्यानं घरी गाळलेली पाजली होती." ती हसली, पण हसू लवकर विझलं. "सुट्टीला किल्ल्या खिळ्यावर लटकवून जाते मी. पोरं येतात, घेतात, जातात. पत्रकावर ज्याचं नाव, तोच येणार."

"आणि नाव ट्रॅव्हिसचं."

"नाव ट्रॅव्हिसचं," डोरीन म्हणाली. तेच शब्द, तोच सूर.

"ट्रक कुठे होता ते यंत्रात दिसत असेल ना?"

"मिनिटामिनिटाचं. कुठे थांबला, कुठे मागे आला, सगळं. पण चाकामागे कोणाचं बूड होतं ते यंत्राला दिसत नाही. कंपनीच्या माणसालाही मी हेच सांगितलं."

टेबलावरचा फोन वाजला. डोरीनने उचलला, ऐकलं आणि छताकडे डोळे फिरवले.

"नाही मॅडम. सगळ्यांच्याच दारात बांध पडतो. नाही, मुद्दाम नाही." फोन ठेवून ती करीनकडे वळली. "ट्रक रस्ता साफ करतो, तो बर्फ जाणार कुठे? कडेला. म्हणजे प्रत्येकाच्या गाडीवाटेच्या तोंडाशी गुडघाभर बांध. दगडासारखा. लोकांना वाटतं आम्ही सूड उगवतो. माझ्या पोरांना सक्त ताकीद आहे, ट्रकपुढचं बर्फ लोटायचं पातं सरळ ठेवायचं. एकाच्या दारात पातं वळवून बांध टाळला की उद्या मेयर मागेल, परवा मेयरची सासू."

"वेनला भेटता येईल?"

"काचेच्या पलीकडून. घशात नळी आहे त्याच्या. हात हलवला तरी नर्स ओरडते." डोरीनने नाक पुसलं. "बायको गेलेली, मूल नाही. मी जाते रविवारी. त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवते."

तिच्यामागच्या भिंतीवर कात्रणं डकवलेली होती. कुणाचा भलामोठा मासा, कुणाची बोलिंगची ढाल. मधोमध स्थानिक वर्तमानपत्रातलं ते दर वर्षी येणारं चित्र होतं, 'वर्षातलं पहिलं बाळ'. दाढी वाढलेला तरुण, हातात गाठोडं, मागच्या खिडकीतून आलेल्या उन्हाने डोळे बारीक झालेले.

"गोड आहे," करीन म्हणाली.

"मुलगी आहे. आयडा." डोरीन अचानक खुर्चीतून उठली आणि त्या कात्रणासमोर उभी राहिली, जणू काही शोधायलाच उठली होती. "जा आता पोरी. मला काम आहे. आणि ऐक, आर्विड गेला. त्याला आता कुणी काही करू शकत नाही. जे जिवंत आहेत त्यांना नोकऱ्या आहेत."

४

रात्रीतून बर्फ पडला होता. गॅरेजवरून निघून करीन वडिलांच्या घराकडे वळली. कुणाची चिठ्ठी वगैरे शोधायला नव्हे, नुसतीच.

गाडीवाटेत शिरताना चाकं धाडकन आदळली. कॉफीचा कप कलंडून तिच्या कोटावर सांडला.

ती तशीच बसून राहिली. कोटावरून कॉफी ठिबकत होती आणि तिला ती पुसायचीही आठवण राहिली नाही.

हा धक्का तिला ओळखीचा होता. वडील गेले त्या सकाळीही असाच बसला होता. पण आदल्या दिवशी? आदल्या दिवशी गाडी गादीवरून चालल्यासारखी आत गेली होती. 'आत येताना काही त्रास?' असं त्यांनी विचारलं होतं आणि ती 'नाही' म्हणाली होती. त्यावर ते उठून खिडकीशी गेले होते.

ती उतरून मिसेस पेल्टोंच्या दाराशी गेली. म्हातारी दार उघडून थंडीने कुडकुडत उभी राहिली.

"मिसेस पेल्टो, बाबांच्या वाटेच्या तोंडाशी बांध असायचा का?"

"कसला बांध? अगं, आम्हा सगळ्यांच्या दारात डोंगर आणि आर्विडच्या दारात सपाट! दोन हिवाळे झाले. माझा नवरा म्हणायचा, नगरपालिकेत नोकरी असली की बर्फसुद्धा सलाम ठोकतो. मला वाटायचं पहाटे उठून काढत असेल बिचारा. त्या ऑपरेशननंतर कशाला करावं माणसानं?"

"डिसेंबरात?"

म्हातारी विचारात पडली. "डिसेंबरात... नाही, तेव्हा होता बांध. माझा नातू काढून द्यायचा तुझ्या वडिलांना. कुरकुर करत घ्यायचे मदत. नाताळानंतर नातू गेला कॉलेजला."

करीन परत येऊन गाडीत बसली. आता सूची आपोआप जुळत होती. दोन हिवाळे बांध नाही, बायपास झाल्यापासून. वेन लाहती डिसेंबरभर रजेवर, डिसेंबरभर बांध. पहिल्या जानेवारीला पुन्हा बांध नाही. वडिलांनीच तो काढला असं म्हणावं, तर वाटेवर एकही पाऊल नव्हतं. तिच्या गाडीच्या चाकांचे ठसे पहिले होते. बांध काढला गेला नव्हता. तो घातलाच गेला नव्हता. सगळ्या शहरात पातं वळवणारा एकच माणूस होता आणि वडिलांनी खिडकीतून त्याची सही वाचली होती.

रस्त्याने खरंच सांगितलं होतं.

पण मग दुसरं पानही उघडल्याशिवाय राहीना. पहिल्या जानेवारीला ट्रकवर वेन होता. दुसऱ्या जानेवारीला बांध होता. म्हणजे दुसऱ्या जानेवारीला ट्रकवर दुसराच कुणीतरी होता. आणि तो कोण, हेही तिला आता कळलं होतं: वेनच्या जागी ज्याचं नाव पत्रकावर होतं, तो.

५

ट्रॅव्हिस बुशे बंदराजवळच्या एका छोट्या घरात राहत होता. बायको कामावर गेलेली. तो खांद्यावर बाळ टाकून, दुसऱ्या हाताने मकरोनी ढवळत होता.

"मिस ऑस्टबी? या ना. पसारा आहे. म्हणजे, नेहमीच असतो. बसा, ते धुतलेले कपडे ढकला बाजूला."

करीन कपड्यांच्या ढिगाशेजारी बसली.

"एकच विचारायचंय. पहिल्या जानेवारीला तू आमच्या गल्लीत ट्रक चालवलास. बाबांच्या घरासमोर पातं कसं ठेवलं होतंस?"

त्याने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "सरळ. आम्हाला नियमच आहे. पातं सरळ."

"मग दारात बांध पडला असेल."

"पडलाच असणार. सगळ्यांच्या पडतो."

"नाही पडला, ट्रॅव्हिस. मी त्या दिवशी गाडी घेऊन आत गेले. तिथे बांध नव्हता आणि तो कुणी काढलाही नव्हता." ती शांतपणे बोलत होती. "शिवाय डोरीनच्या भिंतीवरचा तुझा वर्तमानपत्रातला फोटो, खाली तुझं नाव. रात्रभर वादळ होतं आणि तुझ्यामागच्या खिडकीत ऊन आहे. पहिल्या जानेवारीची सकाळ. त्या वेळी तू हिला घेऊन प्रसूतिगृहात उभा होतास. साऱ्या शहरानं तो फोटो पाहिला."

मकरोनी उतू गेली. ट्रॅव्हिसने गॅस बंद केला, पण पातेलं उचललं नाही.

"बायकोला अचानक कळा सुरू झाल्या," तो म्हणाला. "वादळात मला बदली कोण देणार? वेनला फोन केला. म्हणाला, ताप उतरलाय, घरात बसून भिंती मोजतोय, जा तू. सुट्टीचा दुप्पट पगार माझ्या नावावर आला. मी म्हणालो, वेन, हा तुझा. तो म्हणाला, पोरीला झोपाळा घे." त्याने कोपऱ्यातल्या झोपाळ्याकडे मान वळवली. "दुसऱ्याच्या नावावर ट्रक चालवला की दोघांचीही नोकरी जाते. डोरीनला कळलं होतं. ती काही बोलली नाही."

"आणि माझ्या वडिलांचं नाव जाणार आहे, हे कळलं होतं?"

"हो."

"तरी गप्प बसलास. फक्त नोकरीसाठी?"

बाळ कुरकुरलं. तो त्याला थोपटत उभ्या उभ्या डोलू लागला.

"दुसऱ्या दिवशी पहाटे वेनचा फोन आला," अखेर तो म्हणाला. "ताप परत चढला होता, दात वाजत होते त्याचे. म्हणाला, आज तू घे ट्रक. आणि ऐक, ऑस्टबीकडे पातं वळव. त्याचं काळीज टाके घातलेलं आहे आणि मान ताठ. मदत मागायचा नाही. मी 'हो हो' म्हणालो. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता माझा. तुमच्या घरावरून तसाच पुढे गेलो. पुढच्या गल्लीत आठवलं." त्याने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "म्हटलं, परतीच्या फेरीत काढून देऊ. परतीच्या फेरीला तिथे रुग्णवाहिका उभी होती."

करीनने खिडकीबाहेर पाहिलं. बंदरातला बर्फ करडा पडत चालला होता. त्याखाली कुठेतरी पाणी हलायला लागलं असावं. आत काहीतरी फुटेल अशी तिने वाट पाहिली. फुटलं नाही. फक्त फार थकवा आला.

"मी पहिल्या दिवसाचं तोंड उघडलं असतं तर कुणीतरी दुसऱ्या दिवसाचं विचारलं असतं," ट्रॅव्हिस म्हणाला. "तुम्ही विचारलं असतं."

"दे इकडे तिला," करीन म्हणाली. "ते पातेलं बघ. खाली लागलंय."

तिने बाळ घेतलं. आयडाने तिच्या कोटावरच्या कॉफीच्या डागावर मूठ आपटली.

"उद्या सभेत पहिल्या दिवसाचं सांग," करीन म्हणाली. "सगळं. झोपाळ्यासकट. दुसऱ्या दिवसाचं सांगायची गरज नाही. ते मला सांगून झालंय."

६

सभेला गर्दी नव्हती. निवेदन वाचायच्या आधी करीनने बोलायची परवानगी मागितली. रस्त्याने सांगितलं, असं ती म्हणाली तेव्हा मागे कुणीतरी फसकन हसलं. मग तिने बांधाचं सांगितलं आणि हसणारा गप्प झाला, कारण त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाने आयुष्यात कधी ना कधी तो बांध उपसला होता.

ट्रॅव्हिस उभा राहिला. बोलताना तो सारखा टोपी पिळत होता. "अरे, टोपी फाटेल," डोरीन मागून पुटपुटली. मग ती स्वतःच पुढे आली आणि ट्रकच्या यंत्रातली हालचाल तिने सभेसमोर ठेवली. पहिल्या जानेवारीला ऑस्टबींच्या घरासमोर ट्रक थांबून, जरा मागे येऊन, पुन्हा पुढे गेला होता. दुसऱ्या जानेवारीला थांबला नव्हता. त्या दुसऱ्या ओळीवरून तिने बोट पटकन पुढे सरकवलं आणि करीनकडे पाहिलं. करीनने होकारार्थी मान हलवली.

विमा कंपनीकडून एक वयस्क बाई आल्या होत्या. "पण त्याची रुजू झाल्याची नोंद नाही," त्या म्हणाल्या. "ज्याची नोंद नाही तो कामावर होता असं कसं म्हणायचं?"

आणि तिथे हॅसलरने सगळ्यांना चकित केलं. त्याने करार उघडला.

"ही अट मी मान्य केली होती," तो म्हणाला, "म्हणून ती मला तोंडपाठ आहे. तिच्यात 'नोंदीवर' असा शब्द नाही. 'प्रत्यक्ष कामावर' असा आहे. वादळात पहाटे ट्रक चालवणारा माणूस प्रत्यक्ष कामावर नसेल, मॅडम, तर आपण सगळे आत्ता काय करतोय मला माहीत नाही."

बाई किंचित हसल्या. प्रसूतिगृहातल्या नर्सचा जबाब आणि मिसेस पेल्टोंचा जबाब मिळाला तर कंपनी फेरविचार करेल, असं त्या म्हणाल्या. दोन्ही मिळाले. एप्रिल उजाडायच्या आत कंपनीने भार उचलला. ट्रॅव्हिसला दोन आठवडे घरी बसवलं. डोरीनच्या खिळ्यावरच्या किल्ल्या कुलपात गेल्या. वेनच्या घशातली नळी निघाली. पहिलं वाक्य तो काय बोलला हे डोरीनने फोनवर सांगितलं. "आर्विड कुठाय? मासे धरायचे दिवस आले." मग डोरीनला त्याला ते सांगावं लागलं.

त्या गुरुवारी मात्र हॅसलरने आपलं निवेदन दुमडून खिशात ठेवलं होतं आणि सभेच्या इतिवृत्तात एकच वाक्य घालायला लावलं होतं: आर्विड ऑस्टबी यांनी लिहिलं ते खरं होतं.

एप्रिलच्या मध्यावर करीन घराला कुलूप लावायला आली. घर विकलं गेलं होतं. रात्री उशिराचा, ओला, शेवटचा बर्फ पडून गेला होता. ती दाराशी उभी असतानाच गल्लीच्या टोकाला ट्रक दिसला. एकेका घरासमोर बांध घालत तो आला, ऑस्टबींच्या घराशी मंदावला, थांबला. पातं वळलं. रिकाम्या घराची वाट सपाट मोकळी ठेवून ट्रक पुढे गेला. आतल्या माणसाने हात वर केला, करीननेही केला.

ती वाटेच्या तोंडाशी चालत आली. जिथे फावडं उभं होतं तिथे थांबली. इतकी वर्षं या दारातून निघणारी तीच असायची. थांबणारे ते असायचे, आणि सांगणारेही ते. ते कुठे निघाले आहेत आणि आपण त्यांना निरोप देतो आहोत, असं कधी घडलंच नव्हतं. दोन जानेवारीलाही नाही.

गल्लीत कुणी नव्हतं. असतं तरी तिने म्हटलं असतं.

"बाबा," ती रस्त्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "हरणं बघून जा."